हँडब्रेक पुन्हा पुन्हा सैल पडतोय? केबलच्या नटाला सगळ्यात शेवटी हात लावा

जुनी गाडी घरीच दुरुस्त करून पुन्हा चालती करायला घेतली की हँडब्रेकची ही तक्रार हमखास येते. केबल आवळली, हँडब्रेक चौथ्या दात्यावर छान घट्ट लागला. महिन्याभरात तो सातव्यावर जातो, मग नवव्यावर, आणि उतारावर गाडी हळूच सरकायला लागते. पुन्हा केबल आवळायची. तीन-चार वेळा असं झालं की नटाखालचे आटे संपतात आणि नवी केबल येते. ती टाकूनही दुखणं जागच्या जागी.

तारेची केबल नवी असताना थोडी बसते, थोडी लांबते, आणि मग थांबते. दर महिन्याला नव्याने येणारा झोल केबलचा नसतो. तो ड्रम (चाकाबरोबर फिरणारं ब्रेकचं भांडं) आणि त्याला आतून टेकणारे शू यांच्यातल्या फटीतून, झिजलेल्या पिनांमधून, जाम झालेल्या जोडांमधून किंवा वाकणाऱ्या पत्र्यातून येतो. केबल आवळून आपण तो फक्त लपवतो, आणि बहुतेक वेळा ड्रममध्ये आणखी एक बिघाड तयार करून ठेवतो. म्हणून काम चाकापासून सुरू करायचं आणि लिव्हरपाशी संपवायचं.

थोडा झोल हाताला इतका मोठा का वाटतो, हे एकदा आकड्यांत पाहून घ्या. समजा लिव्हरची मूठ त्याच्या खिळीपासून (ज्यावर तो फिरतो) 300 मिलिमीटरवर आहे आणि केबल 50 मिलिमीटरवर जोडलेली आहे. म्हणजे सहापट. ड्रममधला छोटा लिव्हर आणखी पाचपट धरा. शू आणि ड्रममधली फट अर्ध्या मिलिमीटरने वाढली की केबलला अडीच मिलिमीटर जास्त सरकावं लागतं आणि मुठीला 15. वाटेतले तीन क्लेव्हिस जोड (काट्यासारख्या तोंडात आडवी पिन घातलेले) प्रत्येकी अर्धा मिलिमीटर झिजलेले असतील, तर मुठीला आणखी 9 मिलिमीटर. लायनिंगची (शूवरच्या घासणाऱ्या थराची) किंचित झीजसुद्धा मुठीवर लगेच कळते ती यामुळेच. ती झीज शू ड्रमजवळ सरकवणाऱ्या, ड्रमच्या अ‍ॅडजस्टरने भरून काढायची असते, केबलने नाही.

गाडी उचलण्याआधी

हँडब्रेकचंच काम असल्यामुळे गाडी धरून ठेवायला तो नसतो, हे विसरू नका. सपाट जागा घ्या आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून उटी (चाक अडवायचे ठोकळे) लावा. मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर ठेवा. जॅक हे उचलायचं साधन आहे, त्याच्या भरवशावर खाली शिरू नका. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक पूर्ण खाली.

कमानपाट्यांवर सलग अ‍ॅक्सल असेल तर स्टँड अ‍ॅक्सलखालीच लावा, चासीखाली नाही. अ‍ॅक्सल खाली लोंबला की केबलचा मार्ग बदलतो. काही गाड्यांत ती ताणली जाते, काहींत सैल पडते. लोंबत्या अ‍ॅक्सलवर केलेलं सेटिंग गाडी चाकांवर उतरली की खोटं ठरतं. “स्टँडवर झकास लागत होता, खाली उतरवल्यावर गेला” या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं.

जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर आतली पूड फुंकू नका, हवेच्या नळीने उडवू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. साबणाच्या पाण्याचा फवारा मारून ती भिजवा, चिंधीने टिपा, आणि चिंधी ओली असतानाच पिशवीत बांधून टाका. तोंडावर बारीक धूळ अडवणारा, कडा घट्ट बसणारा मास्क हवा. साधा कापडी रुमाल पुरत नाही.

आधी नुसतं बघा

नट-बोल्टला हात लावण्यापूर्वी एक जण आत बसवा आणि त्याला लिव्हर सावकाश, एकेक दाता ओढायला सांगा. तुम्ही खालून टॉर्च मारून बघा. पाच मिनिटांच्या या कामात निम्मं निदान होतं.

लिव्हरच्या बुडाशी फ्लोअरचा पत्रा वर उचलला जातो का? केबलचं बाहेरचं आवरण जिथे ब्रॅकेटमध्ये अडकतं तो ब्रॅकेट वाकतो का? खालून गंजलेल्या गाड्यांत हे दोन्ही सर्रास दिसतं. पत्रा 3 मिलिमीटर उचलला गेला तर केबलची तेवढी ओढ वाया गेली, आणि आधीच्या हिशेबाने मुठीचे 18 मिलिमीटर गेले. तिथे वेल्डिंग करून पत्रा सुधारल्याशिवाय पुढचं काहीही टिकणार नाही.

मग चाकं हाताने फिरवून बघा. दोन्ही चाकं एकाच दात्यावर घासायला लागली पाहिजेत. डावं तिसऱ्यावर जड झालं आणि उजवं सहाव्यापर्यंत मोकळं फिरतंय, तर दोष त्या उजव्या बाजूला किंवा दोन्ही चाकांत ओढ वाटणाऱ्या मधल्या इक्वलायझरमध्ये आहे. डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे) एक चाक फिरवताना दुसरं उलटं फिरतं, त्यामुळे गोंधळ होतो. दुसरं चाक कोणाला तरी धरायला सांगा.

दोन्ही चाकं सारखीच उशिरा लागत असतील तर फट, पिना किंवा लिव्हरकडे संशय घ्या. लिव्हर सोडल्यावर चाकं लगेच मोकळी होत नसतील, तर केबल आवरणात अडकतेय किंवा ड्रममधलं काहीतरी परत येत नाहीये.

ड्रमच्या आत

ड्रम निघत नसेल तर अ‍ॅडजस्टर पूर्ण सैल करा. वर्षानुवर्षांच्या झिजेने ड्रमला काठ पडतो आणि शू त्यात अडकतात. हातोडीने ड्रमची कड ठोकू नका, बीड फुटतं. ड्रमला ओढून काढायच्या बोल्टसाठी आटे पाडलेले असतील तर ते वापरा.

उघडल्यावर पहिली नजर लायनिंगच्या रंगावर. चकचकीत काळं, ओलसर दिसलं तर बोटाने चाचपा. ब्रेक ऑइल पाण्याने धुतलं जातं आणि ते व्हील सिलिंडरच्या (ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या भागाच्या) रबराखालून आलेलं असतं. गिअर ऑइल पाण्याने जात नाही, त्याला गंधकासारखा उग्र वास असतो, आणि ते अ‍ॅक्सलच्या ऑइल सीलमधून येतं. सील बदलण्याआधी अ‍ॅक्सलच्या नळीवरचं छोटं ब्रीदर भोक साफ आहे का ते बघा. ते चिखलाने बुजलं असेल तर गरम झालेली हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते आणि नवं सीलही महिनाभरात गळतं. तेल प्यायलेलं लायनिंग पेट्रोलने धुऊन, जाळून, घासून परत कामाचं होत नाही. पहिल्या गरमीला आतलं तेल वर येतं. शू बदला, आणि दोन्ही चाकांचे एकदम बदला.

आता या कामातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित जागा. 1950-60च्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत मागचा व्हील सिलिंडर बॅकप्लेटला (ड्रममागच्या स्थिर पत्र्याला) घट्ट बोल्ट केलेला नसतो. तो एका खाचेत बसतो आणि त्याने मागे-पुढे सरकायचं असतं. सिलिंडरला एकच पिस्टन असतो. हँडब्रेकचा छोटा लिव्हर याच सिलिंडरमध्ये अडकवलेला असतो. लिव्हर ओढला की त्याचं टोक एका शूला ढकलतं आणि त्या धक्क्याने सिलिंडर उलट्या दिशेला सरकून दुसऱ्या शूला ढकलतो. खाचेत गंज आणि पूड साचून सिलिंडर जाम झाला की एकच शू ड्रमला टेकतो, दुसरा नुसता उभा राहतो. हँडब्रेक अर्धा होतो, आणि पायाचा ब्रेकही, कारण तोही याच सरकण्यावर चालतो.

खूण अगदी सोपी आहे. दोन्ही शू शेजारी ठेवून जाडी मोजा. एक 2 मिलिमीटरवर आलाय आणि दुसरा नव्यासारखा 4 मिलिमीटरवर आहे, तर सिलिंडर जाम होता असं समजा.

सोडवण्यासाठी मागून रबरी बूट काढा, सिलिंडर धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या काढा, आणि काढताना त्यांचा क्रम आणि तोंड कुठे होतं याचा फोटो घेऊन ठेवा. या पट्ट्या एकमेकींत अडकून बसतात, उलट्या बसवल्या की सिलिंडर पुन्हा आवळला जातो. खाचेच्या कडा तारेच्या ब्रशने ओल्या करूनच घासा, मग बारीक एमरी पेपर फिरवा. रंगाचा थर असेल तर तोही काढा. गाडी हौसेने रंगवताना बॅकप्लेटवर जाड पावडर कोटिंग करून घेतलं, आणि त्या थरानेच खाच अरुंद झाली, असंही होतं. सरकणाऱ्या जागी उच्च तापमानाचं ब्रेक ग्रीस पातळ लावा, साधं बेअरिंगचं ग्रीस नको, ते वितळून लायनिंगवर जातं. बसवल्यावर सिलिंडर अंगठ्याच्या दाबाने सरकला पाहिजे. हातोडीची गरज पडली तर काम झालेलं नाही.

दुसऱ्या प्रकारच्या ड्रममध्ये हँडब्रेकचा लिव्हर मागच्या शूला खिळलेला असतो आणि एक आडवी पट्टी दुसऱ्या शूला ढकलते. इथे बघायचं ते लिव्हर पूर्ण मागे जाऊन शूवरच्या टेकूला टेकतो का. केबल आवळून-आवळून ठेवली असेल तर तो टेकत नाही, अधांतरी राहतो. मग शू आपल्या जागी बसत नाहीत, अ‍ॅडजस्टमेंटचा सगळा अंदाज चुकतो, आणि आपोआप आवळणारी यंत्रणा असलीच तर तीही काम सोडते. त्यामुळे फट वाढत जाते, हँडब्रेक सैल पडतो, आणि माणूस केबल आणखी आवळतो. हे चक्र केबल पूर्ण सैल केल्याशिवाय तुटत नाही.

अ‍ॅडजस्टर जाम असेल तर त्याचं चौकोनी डोकं साध्या पान्याने गोल करू नका. बऱ्याच गाड्यांत ते पाव इंची असतं आणि त्यासाठी चौकोनी खाचेचा वेगळा पाना मिळतो. गंज सोडवणारं तेल रात्रभर मुरू द्या, मग किंचित आवळा, किंचित सोडा, असं पुढे-मागे करत या. आतल्या पाचरीच्या दोन्ही बाजूंना तिरकस तोंडाचे छोटे दट्टे असतात. त्यांची डावी-उजवी बाजू बदलली की पाचर नीट टेकत नाही. दातेरी चाकाचा अ‍ॅडजस्टर असेल तर डाव्या आणि उजव्या चाकाचे आटे उलटे असतात. दोन्ही बाजू एकाच वेळी उघडून भाग एका डब्यात टाकले, तर आवळायच्या वेळी सैल होणारा अ‍ॅडजस्टर तयार होतो. एक बाजू पूर्ण करा, मग दुसरी उघडा. अडलं तर न उघडलेल्या बाजूकडे बघता येतं.

नवे शू टाकले आणि हँडब्रेक तरीही धरत नाही, तर खडू घ्या. ड्रमच्या आत पांढरा खडू सगळीकडे फिरवा, ड्रम चढवा, हँडब्रेक हलका ओढून चाक थोडं फिरवा, आणि उघडा. लायनिंगवर खडू कुठे उमटला ते दिसतं. मध्ये हाताच्या तळव्याएवढा पट्टा उमटला तर ठीक आहे, चालवल्यावर तो पसरेल. फक्त दोन बोटांएवढी रेघ मध्यावर, किंवा नुसतीच दोन्ही टोकांना, असं असेल तर शूची गोलाई ड्रमशी जुळत नाही. ड्रम लेथवर मारून मोठा झालेला असताना मूळ मापाचे शू टाकले की मध्यावरची रेघ उमटते. ड्रमवर कमाल व्यास ओतलेला असेल तर आधी तो मोजून बघा. त्याच्या पुढे गेलेला ड्रम टाकूनच द्यायचा.

केबल, पिना, इक्वलायझर

चाकाकडून केबलचं टोक सोडा आणि आतली तार हाताने पुढे-मागे करा. ती लोण्यासारखी सरकली पाहिजे. खरखर लागली, किंवा एका जागी अडून मग सुटली, तर आत गंज आहे किंवा तारेचा एखादा पदर तुटलाय. तुटलेल्या पदराची केबल बदलाच, बोटाला टोचली म्हणजे तिचं आयुष्य संपलं. सायलेन्सरजवळून गेलेल्या केबलचं प्लॅस्टिकचं अस्तर वितळलेलं असू शकतं, आणि अंडरबॉडीला वेल्डिंग केलेल्या गाड्यांत तर हमखास. बाहेरून ती ठीक दिसते.

गंज वरवरचा असेल तर केबल काढून उभी टांगा, वरच्या टोकाला मातीच्या गोळ्याची किंवा चिकटपट्टीची वाटी करून पातळ तेल भरा, आणि खालून थेंब पडेपर्यंत रात्रभर ठेवा. हे धातूच्या उघड्या आवरणाच्या केबलसाठी. नायलॉनचं अस्तर असलेल्या केबलला तेल-ग्रीस लागत नाही, घाण मात्र चिकटते. जुन्या काही केबलना ग्रीसचं निपल असतं, त्यात नवं ग्रीस दुसऱ्या टोकाने बाहेर येईपर्यंत भरा.

क्लेव्हिस पिना प्रत्येक वेळी बदला. स्वस्त असतात आणि त्यांची झीज डोळ्याला फसवते. पिन काढून बोटाच्या नखाने तिच्यावरून फिरा, पायरी लागली की ती गेली. भोकही लांबट झालं असेल तर नव्या पिनेने झोल जाणार नाही. मोठं करून बुश बसवा किंवा वेल्डने भरून पुन्हा पाडा. स्प्लिट पिन जुनी परत वापरू नका.

इक्वलायझर म्हणजे तराजूची दांडी. पुढून आलेली एक ओढ तो दोन्ही चाकांत सारखी वाटतो. त्याची खिळी गंजली की दांडी झुकत नाही, आणि ज्या बाजूची फट कमी आहे तेच चाक सगळा भार घेतं. हाताने दोन्ही बाजूंना झुकवून बघा. क्लासिक मिनीसारख्या गाडीत केबल मागच्या आर्मवरच्या पंख्याच्या आकाराच्या तुकड्यावरून वळते, आणि तो तुकडा जाम होणं हा त्या गाडीचा जुनाच आजार आहे. केबल त्याच्यावरून घासत जाते आणि लिव्हर दगडासारखा लागतो. ज्या खिळीवर तो फिरतो ती काढून, साफ करून, ग्रीस लावून बसवा.

दांड्यांवर चालणाऱ्या ब्रेकच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे कोन. आडव्या दांडीवरचा हात आणि ओढणारी दांडी यांच्यात ब्रेक पूर्ण लागल्यावर साधारण काटकोन झाला पाहिजे. तिथे ताकद सगळ्यात जास्त मिळते. दांडी आवळून तो हात सुरुवातीलाच काटकोनात आणून ठेवला, तर ओढताना तो काटकोनाच्या पलीकडे जातो आणि जितकं ओढाल तितकी ताकद कमी होत जाते. मूठ कडक लागते पण चाक धरत नाही, ते यामुळे.

लिव्हरचे दाते

लिव्हर लावल्यावर मुठीवर हलकी थाप मारा. तो सुटून खाली आला तर खटक्याची (दात्यात अडकणाऱ्या तुकड्याची) धार गोल झालीये, किंवा बटणाखालची स्प्रिंग मेलीये. स्प्रिंग बदलणं सोपं. धार मात्र कानशीने पाजळू नका. दात्यांचा फक्त वरचा पातळ थर कडक केलेला असतो, तो घासला गेला की खालचं मऊ लोखंड काही आठवड्यांत झिजतं. खटका आणि दातेरी पट्टी जोडीने बदला. नेहमीचे झिजलेले चार-पाच दाते टाळण्यासाठी केबल कमी-जास्त करून दुसऱ्या दात्यांवर हँडब्रेक आणणं धोक्याचं आहे, कारण खटक्याची गोल झालेली धार तीच राहते.

स्पोर्ट्स गाड्यांतला फ्लाय-ऑफ हँडब्रेक वेगळा असतो. बटण दाबल्याशिवाय तो अडकत नाही आणि झटका देऊन ओढला की सुटतो. एमजीच्या टी मालिकेत असा असतो. तो “आपोआप सुटतो” अशी तक्रार असेल तर आधी वापरायची पद्धत तपासा.

सेटिंगचा क्रम

इथे मात्र क्रम मोडायचा नाही.

1. केबलचे दोन्ही नट इतके सैल करा की ड्रममधले लिव्हर पूर्ण मागे टेकतील.
2. पायाचा ब्रेक चार-पाच वेळा जोरात दाबा, म्हणजे शू मध्यावर येतात.
3. एका चाकाचा अ‍ॅडजस्टर चाक जाम होईपर्यंत आवळा, मग चाक मोकळं होईपर्यंत एक-एक खटका सोडा. बहुतेक वेळा एक किंवा दोन पुरतात. हलकी, सगळ्या फेरीत सारखी घासण चालते. फेरीत एकाच जागी घासत असेल तर ड्रम लांबट झालाय.
4. दुसऱ्या चाकाला तेच.
5. पुन्हा ब्रेक दाबा आणि फट परत तपासा. शू सरकले असतील तर आणखी एखादा खटका मिळतो.
6. आता लिव्हर तिसऱ्या दात्यावर ठेवा, आणि दोन्ही चाकं हाताने फिरवताना जड लागेपर्यंत केबलचा नट आवळा. पाचव्यापर्यंत दोन्ही जाम झाली पाहिजेत. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच धरा.
7. लिव्हर पूर्ण खाली सोडा. दोन्ही चाकं मोकळी फिरली पाहिजेत. नाही फिरली तर केबल जास्त आवळली आहे.

नवी केबल असेल तर यानंतर लिव्हर पूर्ण ताकदीने 10 ते 15 वेळा ओढून सोडा आणि सहावी पायरी पुन्हा करा. केबल बसण्यासाठी एवढंच लागतं. चेकनट आवळल्यावर नट आणि आटे यांच्यावरून रंगाची एक रेघ ओढा, आणि नटापुढे किती आटे दिसतात ते मिलिमीटरमध्ये मोजून लिहून ठेवा.

ज्यांच्या गाडीत ब्रेक गिअरबॉक्सवर आहे

सीरिज लँड रोव्हर किंवा विलीज जीपसारख्या गाडीत हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर बॉक्सच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या शाफ्टवर असतो. लावल्यावरही गाडी दोन-चार सेंटिमीटर डुलते. तो शाफ्टच्या जोडांचा आणि डिफरन्शियलच्या दात्यांचा झोल आहे, ब्रेकचा दोष नाही. पण एक मागचं चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळे हा ब्रेक गाडी धरत नाही. टायर बदलताना उटी लावलीच पाहिजे. तसंच, हा ब्रेक चालत्या गाडीत ओढायचा नसतो, त्याने शाफ्ट आणि गिअरला धक्का बसतो. तो सारखा सैल पडत असेल तर ट्रान्सफर बॉक्सच्या मागच्या ऑइल सीलकडे आधी बघा, कारण तिथून गळणारं तेल थेट ड्रममध्येच जातं.

उतारावरची चाचणी

सौम्य उतार निवडा. गाडीत चालक बसलेला, पाय ब्रेकवर, खालच्या बाजूच्या चाकांपासून वीतभर अंतरावर उटी ठेवलेली. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढा, पाय हळू काढा. मग गाडीचं तोंड फिरवून दुसऱ्या दिशेनेही बघा. शूची एक जोडी एका दिशेला जास्त धरते आणि दुसऱ्या दिशेला कमी, त्यामुळे फक्त चढावर तोंड करून केलेली चाचणी अर्धीच असते. मागे डिस्क असलेल्या गाडीची चाचणी गरम ब्रेकवरही करा. डिस्क आणि पॅड थंड होताना आकसतात आणि पकड सैल होते, म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी लिव्हर आणखी एखादा दाता वर येतो का ते बघा.

नवे शू असतील तर पहिल्या 200-300 किलोमीटरनंतर हँडब्रेक एक-दोन दाते वर जाणार. लायनिंगचे उंचवटे घासले जाऊन फट वाढते. तेव्हा गाडी उचला आणि फक्त ड्रमचे अ‍ॅडजस्टर आवळा. नटावरची रंगाची रेघ तशीच अखंड राहिली पाहिजे. अ‍ॅडजस्टर आवळूनही दाते खाली येत नसतील तर दिसणारे आटे मोजा. लिहून ठेवलेल्या मापाशी जुळले तर नट सरकलेला नाही, झोल वाटेत कुठेतरी शिरलाय. पिना आणि ब्रॅकेट पुन्हा तपासा, एक जण आत आणि एक जण खाली.